नाकातून गेलेलं पाणी

आंबा पिकला हे डोळ्यांना कळतं, बोटांना कळतं. पण पिकणार कधी, हे फक्त नाकाला कळतं. आणि शिरगावच्या अंगाला असलेल्या आप्पा खोताच्या बागेत असं नाक एकच होतं. हौसाचं.

झाडावरून उतरवलेला आंबा भाताच्या पेंढ्यावर थरावर थर लावून ठेवायचा, वर पुन्हा पेंढा पसरायचा, याला आढी म्हणतात. आढी लावायला काही लागत नाही, दहा बायका लावतील. आढी ओळखायला माणूस लागतं. हौसा पहाटे मांगराचं, म्हणजे बागेतल्या त्या कोठाराचं, दार उघडी, उंबऱ्यातच उभी राही, डोळे मिटून दोन श्वास घेई आणि आत पाऊल टाकायच्या आधी सांगे, "वरच्या थराला अजून दोन दिस द्या. खालचा आजच काढा, बोटीला घाला." खालचा थर त्याच दिवशी पेट्यांत भरून बंदरावर जाई, आणि मुंबईला गिऱ्हाइकाच्या घरी पेटी उघडे तेव्हा आंबा नेमका खायला आलेला असे. व्यापाऱ्यांची पत्रं येत. आप्पा खोत ती पत्रं ओटीवर मोठ्यानं वाचून दाखवी आणि "माझा माल" म्हणून मिशीवरून हात फिरवी. माल त्याचा होता, त्यात वाद नाही. नाक कुणाचं, हे मात्र त्यानं व्यापाऱ्याला कधी कळवलं नाही. खोताचं पत्र कुणब्याच्या बाईच्या नावासाठी थोडंच असतं!

हौसा तेव्हा चाळिशीला आलेली. अंगानं बारीक, आवाजानं दणदणीत. नवरा लवू त्याच बागेत आंब्याच्या पेट्या ठोकी. बाईच्या वाटणीचं बोलणं हौसा बोले आणि लवूच्या वाटणीचंही तीच बोले, म्हणून लवू गप्प माणूस म्हणून ओळखला जाई. मूलबाळ नव्हतं. दोघांनी एकमेकांनाच पोराबाळासारखं सांभाळलं, आणि भांडलीही तशीच.

मग तिचं नाक गेलं.

एकदम नाही गेलं. एकोणतीस सालच्या पावसात साधं पडसं झालं आणि ते मुक्कामालाच राहिलं. भुवयांच्या वर ठणका लागे, गालांची हाडं ठणकत, नाकातून पिवळं, घट्ट येई किंवा काहीच येत नसे. वाकलं की डोक्यात शिसं ओतल्यासारखं होई, आणि तिचं कामच मुळी वाकायचं. त्यात वास एकेक करून निघून गेले. फणस फोडला तरी कळेना. चुलीवर भात करपला तरी कळेना. लवूनं तो करपलेला भात कोकमाच्या कढीत कालवून मुकाट्यानं खाल्ला. तिनं भांडं घासायला घेतलं तेव्हा बुडाचा काळा थर बघून तिला कळलं की नवरा काय खाऊन उठला.

"बोललात का नाय?"

"भूक होती."

"खोटं बोलताय."

"मग कशाला इचारतेस?"

बागेत तिनं कुणाला कळू दिलं नाही. उंबऱ्यात उभी राहून पहिल्यासारखे डोळे मिटी, पण मग आत शिरून चोरून बोटांनी काम भागवी. देठाजवळ अंगठा दाबायचा, रंग बघायचा, अंदाज सांगायचा. एक हंगाम असा निभावला. दुसऱ्या हंगामात, एकतीस सालच्या वैशाखात, आढीच्या मधोमध आंबे आतून सडायला लागले होते. बोटं तिथवर पोचली नाहीत, आणि नाक असून नसल्यासारखं. पेट्या मुंबईला उघडल्या तेव्हा रस गळत होता. व्यापाऱ्याची तार आली.

आप्पा खोत ओरडला नाही. ओरडला असता तर तीही ओरडली असती, आणि तिचं निम्मं दुःख तिथंच गेलं असतं. तो हळू बोलला. "हौसा, चुकतं माणसाचं. पुढल्या चैत्रात पहिली आढी माझ्यासमोर उघडायची. जमलं तर तुझी जागा तुझी. नाय जमलं तर गोदूबाई आढी बघेल, तू पेंढा झाडायला राहा."

पेंढा झाडायला! वीस वर्षं जिनं उंबऱ्यातून सांगितलं आणि दहा गडी हलले, तिनं गोदूबाईच्या हाताखाली गवत झाडायचं. गोदूबाई वाईट होती असं नाही. शेजारीण होती, आणि तिला आंबा आणि भोपळा एकाच वासाचे.

औषधं झाली. बाईचं काही दुखतं म्हटलं की औषध सांगणारे ढीगभर, आणि तिच्या हातचं काम घेणारा एकही नाही. वेखंडाचा लेप लावला. ओवा भाजून पुरचुंडी हुंगली. गावात एका वैद्याकडे गेली, त्यानं नाकात सोडायला तेल दिलं आणि वर सांगितलं, "महिनाभर वाकू नकोस."

"मग भात तुमी लावायला येनार काय?" हौसानं विचारलं, आणि तेलाची बाटली घेऊन निघून आली. तेलानं चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी परत तेच.

राजिवड्याची फातिमा सुकी मासळी घेऊन वाडीत यायची, आणि मासळीच्या बदली हौसाकडून कोकमाची सोलं न्यायची. दोघींची ओळख वीस वर्षांची. देवघेव पायरीवर, गप्पा पायरीवर, भांडण झालं तर तेही पायरीवर. मार्गशीर्षात ती आली तेव्हा हौसा डोकं घट्ट बांधून भिंतीला टेकलेली.

"काय गे, कुणी मारलं काय?"

"नाकानं मारलं."

फातिमानं सगळं ऐकून घेतलं. तिचा नवरा हमीद आगबोटीच्या भट्टीवर कोळसा ओढायचा. सफरीवरून घरी आला की महिनाभर त्याच्या नाकातून काळं येई, डोकं धरून बसे. नमाजाआधी वजू करताना नाकात पाणी ते घेतातच, पण त्याचं तेवढ्यानं भागेना. बोटीवरच्या एका म्हाताऱ्या खलाशानं त्याला मिठाचं पाणी शिकवलं. एका नाकपुडीतून ओतायचं, दुसरीतून काढायचं.

"मिठाचं पाणी घे," फातिमा म्हणाली. "सात-आठ दिवसांत फरक पडेल. वास यायला टाइम लागेल."

एवढं सांगून ती उन्हाआधी घरी जायला उठली, आणि इथंच घोटाळा झाला. देशावरच्या माणसाला मिठाचं पाणी सांगितलं तर तो मीठ शोधेल. रत्नागिरीच्या माणसाला सांगितलं तर तो घागर घेऊन समुद्रावर जाईल. लवू तेच करून आला. "एवढा दर्या पडलाय, मीठ विकत कशाला?" म्हणाला. वरून हौसाला पटलंही. आदल्याच वर्षी शिरोड्याला लोक मिठासाठी लाठ्या खाऊन आले होते. दर्याचं पाणी म्हणजे फुकटचं मीठ, हे तेव्हा पोराटोरांना ठाऊक होतं. लवूनं तांब्यातून ते गार, कडू, कच्चं पाणी तिच्या नाकात ओतलं. हौसा जी किंचाळली ती चार घरं बाहेर आली. डोळ्यांपर्यंत आग, कानात आग. तिनं हाताला लागला तो तांब्या लवूच्या पाठीत घातला आणि तशीच, पदरानं नाक धरून, राजिवड्याची वाट धरली.

"माझा जीव घेतेस काय गो, फातिमाबी?"

फातिमानं ऐकलं आणि उंबऱ्यात बसून हसली. इतकी हसली की हौसालाही शेवटी हसू आलं, आणि हसताना नाक आणखी चुरचुरलं.

"दर्या घातलास नाकात! अगे, दर्यात सगळं गाव आंघोळ करतं. पाणी उकळायचं. खळखळून. मग कोमट होईस्तोवर ठेवायचं. पेलाभर पाण्याला अर्धा चमचा मीठ, दळलेलं, स्वच्छ. जास्त झालं तर जळतं, कमी झालं तरी जळतं. चाखून बघायचं. रडताना पाणी ओठांवर येतं ना? तेवढं खारट."

"मी कुठं रडते?"

"मग नवऱ्याला चाखू दे," फातिमा म्हणाली, आणि आतून तोटीची तांब्याची झारी घेऊन आली. हमीदची. तो सफरीवर होता, चैत्राच्या पुढं येणार होता. "तांब्यानं ओतलंस तर लोंढा येतो. हिनं धार येते. ने."

दुसऱ्या सकाळपासून मागल्या दारी नेम सुरू झाला. लवू पाणी उकळी, झाकून निववी, मीठ घाली, बोटावर थेंब घेऊन चाखी. कधी म्हणे, "आज जरा रडं जास्त झालं," आणि कोमट पाणी घाली. हौसा वाकून मान एका अंगाला कलती करी, तोंड उघडं ठेवून तोंडानं श्वास घेई, आणि लवू वरच्या नाकपुडीला तोटी लावून हलके धार सोडी. हातोड्यानं खिळे ठोकणारे ते हात, पण झारी धरताना असे धरी की जणू पाळण्यातलं पोर निजलंय. पाणी खालच्या नाकपुडीतून पातेल्यात पडे. मग दुसरी बाजू. मग हौसा दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हळू शिंकरी. जोरात शिंकरलं की कानात दडा बसे, हे ती एकदा चुकून शिकली.

आठव्या दिवशी काहीतरी घट्ट, हिरवट असं आलं की लवूनं तोंड फिरवलं. हौसा ताठ उभी राहिली आणि कपाळावर हात ठेवून म्हणाली, "अवो. हलकं झालं."

"वास?"

"नाय."

महिन्याभरात ठणका गेला. ती रात्रीची सलग झोपायला लागली, वाकायला लागली. पण वास नव्हता. लवू रोज काही ना काही तिच्या नाकाखाली धरी. कोथिंबीर. भाजलेला बांगडा. एकदा स्वतःचा घामट सदरा.

"काही नाय," ती म्हणे. आणि चैत्र जवळ येत होता.

गोदूबाईनं झारी बघितली. तोटीचं तांब्याचं भांडं कुणाच्या घरचं असतं ते सगळ्यांना ठाऊक. गोदूबाईनं विहिरीवर नुसतं सांगितलं. दुष्टाव्यानं नाही, बोलायला काहीतरी हवं म्हणून. बोलणं विहिरीवरून देवळात गेलं. शिमगा पंधरा दिवसांवर होता. गावकी बसली आणि लवूला बोलावणं आलं. बोलावणं लवूला होतं, पण गेली दोघं.

गावदेवीच्या मंडपात भागोजी गावकर मध्ये बसला होता. "लवू, तुझ्या बायकोनं मुसलमानाच्या भांड्यातलं पाणी घेतलं म्हनतात. खरं?"

"भांडं त्यांचं," लवू म्हणाला. "पाणी आमच्या विहिरीचं. मीठ वाण्याचं."

"प्याली?"

"प्याली नाय. नाकात घातलं."

मंडपात गलका झाला. असला प्रश्न गावकीपुढं पूर्वी आला नव्हता. नाकातून गेलेलं पाणी प्यालेलं धरायचं की नाही? एक म्हातारा म्हणाला, नाक आणि घसा आतून एकच. आत गेलं म्हणजे पोटात गेलं. त्याच्या शेजारचा उसळला, "मग तू एकादशीला तपकीर वडतोस, ती फराळ म्हनायची काय?" लोक हसले. म्हाताऱ्यानं तपकिरीची डबी कनवटीला खोल सारली. तिसरा म्हणाला, पाणी एकीकडून गेलं आणि दुसरीकडून आलं, तर ते थांबलं कुठं? चौथा म्हणाला, भांडं तर नाकाला लागलं ना? डोकी पिकलेली माणसं एका बाईच्या नाकाची वाटणी करत बसली होती. तिला दोन वर्षं काय दुखलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

भागोजी कंटाळला. त्याला शिमग्याआधी भानगड नको होती. त्यानं हौसाला पुढं बोलावलं. "हे बघ, एवढंच सांग, घशाखाली थेंब उतरला नाय. सांग नि घरी जा."

सोपी वाट होती. लवूनं तिच्याकडे बघितलं. तिथल्या निम्म्या लोकांची इच्छा होती की तिनं हो म्हणावं आणि जेवायला मोकळं करावं.

"उतरतो," हौसा म्हणाली. "कधी दोन थेंब उतरतात. खारट लागतात."

"अगो, पन..."

"देवीच्या मंडपात खोटं बोलू? बरं होण्यासाठी घेतलं. बरी होतेय."

"मग भांडं परत दे. देवीपुढं नारळ ठेव, चुकलं म्हन."

"भांडं ज्याचं हाय त्यानं मागितलं तर दीन. चुकलं कसं म्हनू? चुकलं असतं तर डोकं दुखायचं थांबलं नसतं."

"नारळ नाय, तर पालखी तुझ्या दारात थांबनार नाय," भागोजी म्हणाला. आवाज त्याचाही पडला होता.

शिमग्यात गावदेवी पालखीत बसून घरोघर येते. वर्षातून एकदा देवी माणसाच्या अंगणात येते. मुंबईला गेलेला चाकरमानी त्यासाठी रजा काढून येतो. ज्याच्या दारावरून पालखी तशीच पुढं जाते, त्याचं घर गावात असून नसल्यासारखं होतं. हौसाला हे कुणी सांगायला नको होतं. घरी येताना ती पहिल्यांदा गप्प होती, आणि बोलत होता लवू. पेटीला फळ्या कमी पडल्यात, पाऊस यंदा लवकर येईल, असलं काहीबाही.

बातमी राजिवड्याला पोचली. तिसऱ्या दिवशी फातिमा आली, मासळीशिवाय.

"झारी दे."

"का?"

"तुझ्या दारात तुझी देवी नाही आली, तर मी त्या झारीकडे बघू कशी? दे गे."

"तुझ्या नवऱ्याला लागते काय?"

"तो सफरीवर हाय."

"मग चैत्रापर्यंत राहू दे." आणि मग खालच्या आवाजात, "फातिमाबी, वास नाय आला अजून. देवी पन जायची आनि नाक पन नाय यायचं, असं झालं तर?"

फातिमा पायरीवर बसली. म्हणाली, "हमीदचा यायला तीन महिने लागले होते. पाणी सोडू नको," आणि हौसाचा हात दोन्ही हातांत धरून तशीच बसून राहिली. दुपारच्या उन्हात, चार घरांच्या देखत.

पालखीच्या दिवशी हौसानं अंगण सारवलं, रांगोळी घातली, आरतीचं ताट केलं.

"कशाला?" लवूनं विचारलं. "येनार तर नाय."

"ती येनार नाय म्हनून मी अंगन घान ठेवू?"

ढोल लांबून ऐकू आले. पालखी गोदूबाईच्या अंगणात नाचली. आरत्या झाल्या. मग हौसाच्या बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकाशी, आली. नाचवणारी पोरं, जी दर वर्षी तिच्या हातचे लाडू खायची, खाली बघत चालली होती. ढोलवाल्यानं तेवढ्यापुरता हात हळू केला. पालखी थांबली नाही. हौसा ताट हातात धरून उभी होती. ज्योत वाऱ्यानं आडवी झाली, तिनं पदर आडवा धरला. पालखी पुढं गेली.

तेव्हा वाऱ्यासरशी काहीतरी आलं. तिला आधी वाटलं डोकंच भिरभिरतंय. गोड, जड, ऊन लागलेलं काहीतरी. तिनं डोळे मिटले. दोन श्वास घेतले, जसे मांगराच्या उंबऱ्यात घेई.

"सुरंगी," ती म्हणाली.

लवूला वाटलं ती रडतेय. तिच्या हातातून ताट घ्यायला तो जवळ आला.

"सुरंगीच्या फुलांचे वळेसर हायत पालखीला. अवो, सुरंगी! आनि गुलाल. आनि..." तिनं मान वळवली, लवूच्या खांद्याशी नाक नेलं आणि डोळे उघडले. "तुमी विडी वडलीत."

लवू मागं सरला. चार वर्षांपूर्वी त्यानं तिची शपथ घेऊन विडी सोडली होती. नाक गेल्यावर त्यानं मांगराच्या मागं परत सुरू केली, आणि दोन वर्षं निर्धास्त ओढली.

"आजच. एकच."

"दोन वर्सं! दोन वर्सं मला फसवलीत, आनि वर रोज इचारताय वास येतो काय म्हनून!" तिनं त्याच्या छातीवर बुक्की मारली, मग दुसरी, मग तिसरी मारता मारता तिथंच कपाळ टेकलं. तिचे डोळे भरून वाहत होते. लवूनं बोटानं गालावरचं पाणी टिपलं, सवयीनं चाखलं आणि म्हणाला, "बरोबर हाय."

नारळ तिनं ठेवला नाही. पुढल्या वर्षीही पालखी थांबली नाही. तिसऱ्या वर्षी थांबली. कुणी काही मागितलं नाही, हिनं काही दिलं नाही, आणि लाडू पोरांनी दुप्पट खाल्ले. पण ते पुढचं. आधी चैत्र आला.

पहिली आढी उघडायच्या सकाळी आप्पा खोत काठी टेकून मांगराशी येऊन उभा राहिला. गोदूबाईही होती, जागा तिला मिळायची होती ना. हौसा उंबऱ्यात उभी राहिली. आत गेली नाही, हात पाठीमागं बांधले, बोटं सगळ्यांना दिसावीत म्हणून. डोळे मिटले.

"वरचा थर परवाच्या बोटीला. मधला त्याच्या नंतर चार दिस. खालच्यात उजव्या कोपऱ्याला एक सडायला लागलाय. एकच. देठाशी."

"काढ गो," आप्पा खोत गोदूबाईला म्हणाला.

गोदूबाईनं पेंढ्यात हात घातला. एक काढला, चांगला. दुसरा, चांगला. तिसऱ्याला देठाशी रुपयाएवढा काळा डाग होता. तिनं तो खोताला दाखवला. खोत तो हातात फिरवत "हं" म्हणाला आणि बंदरावर निरोप धाडायला निघून गेला.

मांगरात दोघी राहिल्या. गोदूबाई वर बघेना.

"हौशे, झारीचं विहिरीवर मीच बोलले होते."

"म्हायत हाय मला."

"मला वाटलं नव्हतं गो, देवळापर्यंत जाईल."

हौसानं वाकून खाली हात घातला. वाकताना डोकं दुखलं नाही, याचं तिला अजूनही रोज नवल वाटे. "पेंढा नीट घाल," ती म्हणाली. "हितनं थर उघडा पडलाय. आनि शिकून घे. मी काय जन्माला पुरनार हाय? डोळे मीट. श्वास घे. सांग, काय येतं?"